बारदान

दर गुरुवारी सकाळी मी गट्टूला छातीशी धरून
वजनकाट्यावर उभा राहतो.
आधी दोघांचं.
मग तिला त्रिशलाच्या हातात देऊन माझ्या एकट्याचं.
वजाबाकी तोंडी.
छत्तीस वर्षं सांगलीच्या मार्केट यार्डात तोलार होतो,
भरल्या पोत्यातून बारदान कसं वजा करायचं
ते मला कुणी शिकवायला नको.
फक्त आता बारदान मी.

अडीच किलो.
मागल्या गुरुवारी दोन सहाशे.
दिवाळीत तीन होती,
आणि तिच्या भरात, हमाल तिला वाट द्यायला
पाठीवरच्या पोत्यासकट थांबायचे तेव्हा,
पाच.

राजापुरीच्या थप्पीमागं सापडली होती,
मूठभर, मिशांपर्यंत पिवळी.
तीनदा पुसली तरी आठवडाभर पांढरी झाली नाही.
हळदीच्या गोल गड्ड्याला आम्ही गट्टू म्हणतो,
म्हणून गट्टू.
आता पाठीवरून हात फिरवला
की एकेक मणका मोजून होतो.
मोजायचा नसतो, पण हाताची सवय.

मिरजेचे डॉक्टर मुजावर म्हणाले, किडन्या गेल्यात.
आम्हाला खुर्च्या देऊन,
पंखा आमच्याकडे वळवून म्हणाले.
सलाइन कसं लावायचं ते दाखवलं.

बाटली खिडकीच्या गजाला, शर्टाच्या हँगरवर.
मानेमागची कातडी चिमटीत उचलायची,
पोत्याचा कान धरतात तशी,
आणि सुई.
नमुना काढायला हजारो पोत्यांत सळई खुपसली या हातानं,
पहिल्या दिवशी एवढीशी सुई धरवेना.
गट्टूच वळून बघत राहिली माझ्याकडं,
उरक की, अशी.

त्रिशलानं या घरात कधी अंडं येऊ दिलं नाही.
चातुर्मासात दिवस मावळल्यावर ती पाण्यालाही शिवत नाही.
आता नाकाला पदर लावून
माशाचं पाकीट कात्रीनं कापते,
गट्टूची ताटली वेगळी, चमचा वेगळा,
तो घासायचा नळही मागच्या दाराचा.
एकदा पाहिलं,
बोटाला लागलेला रस्सा तिनं धुतला नव्हता,
गट्टू ते बोट चाटेपर्यंत
डोळे मिटून बसली होती.

त्रास बघवला नाही तर एक सुई असते,
डॉक्टर हळूच म्हणाले होते, निघताना.
स्कूटरवर विश्रामबाग येईपर्यंत
आम्ही दोघं गप्प.
पिशवीत गट्टूही गप्प.
सिग्नलला त्रिशला म्हणाली,
मोठ्या आत्यांनी शेवटी अन्न सोडलं
तेव्हा घरात कुणी रडलं नव्हतं.
सिग्नल सुटला.
पण आत्यांनी सांगून सोडलं होतं, म्हणाली,
ही काही सांगत नाही.

काय सांगेल?
दुपारी उन्हाच्या पट्ट्यात पडते,
पट्टा सरकला की उठून सरकायची,
आता पट्ट्याला जाऊ देते.
मग मी उचलून उन्हात ठेवतो.
तीन वाजेपर्यंत चार वेळा.
रात्री माळ्यावर खुडबुड झाली
तर एक कान तेवढा वळतो. कामावरच असते अजून.

आज गुरुवार.
अडीच लिहायला वही उघडली
आणि पेन बंद केलं.
म्हटलं, आधी सलाइन होऊ दे.
शंभर मिली आत गेलं,
खांद्याशी पाण्याचा उंचवटा आला, लिंबाएवढा.
मग परत काट्यावर, दोघं, मग एकटा.
दोन सहाशे.

पाणी मारलेला माल मी वासावरून ओळखायचो.
कांडी कांडीवर आपटून आवाज ऐकायचो,
आणि अडत्याला बाजूला घेऊन सांगायचो, ओलं आहे.
कुणाच्या चहाला भुललो नाही.

वहीत लिहिलं: गट्टू, दोन सहाशे.
तूट नाही.

त्रिशलानं खांद्यावरून वाचलं.
तिला हिशेब कळतो.
काही बोलली नाही,
उन्हाचा पट्टा दारापर्यंत सरकला होता,
गट्टूला उचलून
तिकडं घेऊन गेली.