बिजागरी

आंधळगावात काकूच्या ओसरीत
मी लॅपटॉप उघडला तेव्हा
ती मांडीवर कोशाचा धागा वळत होती.
मांडीला राख, बोटाला थुंकी,
पाच कोशांतून पाच तंतू, निघताना एक.

"हे कोनाचं हाड वो?"
हाड नव्हे काकू, प्रथिन.
आपल्या तणशीत जिवाणू असतो ना, त्याच्या पोटातलं.
दोन लांब हात, वर बिजागरी,
खाली दोन डोकी, एकमेकांना टेकलेली,
आणि डोक्यांना बांधून ठेवणारा एक तुकडा,
कडी लावावी तसा.
अडकित्ता उलटा धर, म्हणजे कळेल.

तिनं खरंच पानपुड्यातून अडकित्ता काढला.
उलटा धरला. उघडला, मिटला.
"अन् याच्यात काय कातरते?"
कातरत काही नाही, ओवतो.
एवढ्याशा अंगात अंगाच्या शेकडो पट लांब धागा,
दुभंगायच्या आधी त्याचे दोन होतात,
हुबेहूब, एकात एक गुरफटलेले.
हा कडं होऊन बसतो, फास ओढत राहतो,
फास वाढतो, वाढतो,
एक धागा या कुशीला, एक त्या.
मग मधे भिंत.

"अन् नाही ओढला तं?"
तर भिंत धाग्यावरच येते.

तिचा हात थांबला.
मी त्या बाजूला पाहिलं नाही.
ओसरीच्या मधोमध, शहाऐंशी सालची,
अलीकडे काका, पलीकडे आम्ही,
मागाचा खड्डा अर्धा इकडे, अर्धा तिकडे.
ताणा तेव्हा चढलेलाच होता म्हणतात.

मी घाईनं पुढचं चित्र काढलं.
डोक्यांचा स्फटिक झाला, बिजागरीचाही झाला.
हातांचा होत नाही. फार लवतात,
क्ष-किरणांत नुसतं धुकं.
तिथं मी तुटक रेघ मारते
आणि खाली बारीक अक्षरांत लिहिते: दिसले नाही.
पाचवं वर्ष चालू आहे.

"दिसलं नाही तं रेघ कशाले मारली?"

माझ्याकडे याचं उत्तर आहे,
गाईडला दिलेलं, समितीला दिलेलं.
ते मराठीत म्हणून पाहिलं,
तोंडातच राहिलं.

काकूनं अडकित्ता सरळ केला,
सुपारी कातरली, अर्धं खांड मला दिलं.
पलीकडून आईची हाक आली, चहा टाकू का?
तोंडात सुपारी, म्हणून काकूनं नुसता हुंकार दिला
आणि पुन्हा पाच तंतू घेतले.
एक तुटला.
तिनं थुंकी लावली, न बघता,
आणि धागा पुढे गेला.