मागच्या बाकावरून

"तोंड धुऊन आले," म्हणालीस.
आज पाण्याचा वार नाही, कल्पलता.
शाळेचा नळ परवापासून कोरडा आहे.

मी काही विचारलं नाही.
डबा उघडला, शेंगाचटणी तुझ्याकडं सरकवली,
म्हटलं, उद्या येते तुझ्या वर्गात,
मागच्या बाकावर.
तपासायला नाही गं. तिथं पंखा आहे.

वहीत तुझी एकही चूक लिहिली नाही.
नुसत्या रेघा ओढल्या.
तू "गप्प बसा" म्हणालीस की एक.
बेचाळीस झाल्या.
आणि प्रश्न विचारून थांबलीस
फार तर दीड सेकंद,
मग उत्तर तूच देऊन टाकलंस.

तुला वाटतं, पोरं उद्धट आहेत.
अगं, ह्यांच्या घरात पहाटेपासून माग चालतात.
भाकरी मागायची तरी
खटखटीच्या वर आवाज काढावा लागतो.
हळू बोलणं ह्यांनी ऐकलंय कुठं?
तू बोलून दाखव.

आणि खिडकीजवळची ती भाग्यलक्ष्मी,
पंचविसाचा पाढा येईना म्हणून जिला उभी केलीस,
ती रात्री आईशेजारी विड्यांचे कट्टे बांधते,
पंचविसाचा एक, भराभर, न चुकता.
तिला कट्ट्यांचं विचार.
विचारलंस की मनात पाचपर्यंत मोज.
पाच फार लांब असतात, मला ठाऊक आहे.

माझ्या पहिल्या वर्षी मी तीनलाच डस्टर फेकला होता.
नरसय्या आता रिक्षा चालवतो,
माझ्याकडून पैसे घेत नाही.
अशोक चौकापर्यंत मी समोरच्या आरशात
त्याची भुवई बघत बसते.
हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

आज तू विचारलंस, "दोन कट्टे. विड्या किती?"
एक. दोन.
पंख्याची कुरकुर. तीन.
तुझ्या हातात खडू मोडला. चार.
मागं मीही मोजतच होते.
"याभै," ती म्हणाली, जमिनीकडं बघत.

तू माझ्याकडं पाहिलंस.
मी मुद्दाम खिडकीबाहेर.
मग तू वर्गालाच विचारलंस, "याभै म्हणजे?"
आणि चाळीस पोरं एकदम, छप्पर उडेल अशी,
तुला शिकवायला लागली.

मी पेन्सिल टेकवून बसले होते,
आता ओढावी लागणार रेघ.
तू फळ्यावर पन्नास लिहिलंस.
शेजारी, पोरांना विचारून विचारून, याभै.

तरी दिवसाच्या एकतीस झाल्याच.
ते उद्या सांगेन.