दार लागतानाचा आवाज

अप्पांनी सदतीस वर्षं दारं बसवली
उल्सानच्या कारखान्यात, तिसऱ्या लाइनवर.
पहिल्या गाडीचं काहीच आपलं नव्हतं.
इंजिन उसनं, नकाशा उसना,
गिअरबॉक्स दुसऱ्यांनी टाकून दिलेला.
आपली होती ती मजुरी
आणि रात्रपाळीला मिळणारी शेवयांची वाटी.
दार लावलं की पत्र्याचा डबा पडायचा:
खडाक्.

समुद्रापलीकडे विनोद व्हायचे.
ही गाडी घेताना दोन घ्याव्यात म्हणे,
एक बंद पडली की दुसरीने ओढायला,
आणि दोर फुकट.
अप्पा तो विनोद स्वतःच सांगायचे,
जेवताना, दुसऱ्या कुणी सांगायच्या आत,
आणि हसून झाल्यावर
भाताच्या वाटीत बराच वेळ बघत बसायचे.

मी मातीत काम करते.
गाडी पत्र्याची व्हायच्या आधी मातीची असते,
तपकिरी, कोमट, नखाला लागणारी.
साहेब सांगायचे, खांदा जर्मन हवा,
कंबर इटालियन.
नाकाचं अजून ठरत नव्हतं.
मग आपलं काय, विचारलं
तर त्यांनी किंमत दाखवली.
नावही नवं ठेवलं होतं,
दत्तक गेलेल्या पोराने
जुनं आडनाव पुसून टाकावं तसं.

दाराच्या आवाजासाठी वेगळी खोली आहे,
भिंतींना स्पंजाचे काटे.
तिथे सहा परदेशी दारं उभी होती,
महागड्या गाड्या विकत आणून, सोलून काढलेली.
प्यो ह्यन-दो चौदा महिने
आमचं दार त्यांच्यामागे पळवत होता.
शंभरात अठ्ठ्याण्णव जुळलं.
तरी लावून बघायचा आणि म्हणायचा,
हे कुणाचं तरी दार आहे.

निवृत्तांचा मेळावा होता. अप्पांना एक टॉवेल मिळाला.
तो काखेत धरून ते माझ्यामागून त्या खोलीत आले.
बूट काढले. गरज नव्हती.
डोळे मिटून सहाही दारं लावली,
मग सातवं, आमचं.
काहीच बोलले नाहीत.
प्योने दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा म्हणाले,
आईच्या सोयाच्या रांजणाचं झाकण ऐकलंयस का तू?

परसातल्या दगडी ओट्यावर रांजण असायचे.
बर्फ पडायच्या आधी ती रात्री बाहेर जायची.
झाकण आपटायची नाही, नुसतं ठेवायचीही नाही,
हात सोडता सोडता जरासं फिरवायची.
आम्ही पाच जण एका पांघरुणात.
तो आवाज आला की कळायचं,
जे आत असायला हवं ते आत आहे.

कसा आवाज?
अप्पांनी ओठ मिटले.
ब.
ढब् नाही, धप् नाही. नुसता ब.

त्यानंतर रबर अकरा वेळा बदललं,
बिजागरी दोनदा,
आणि एका रात्री कुणाला न विचारता
मी जर्मन खांदा खरवडून काढला.
तिथे रांजणाचं पोट आलं, थोडं बसकं.
साहेब तीन दिवस बोलले नाहीत.
चौथ्या दिवशी, राहू दे, म्हणाले,
जणू त्यांनाच सुचलं होतं.

गाडी खपली.
परदेशी मासिकाने लिहिलं,
दार बँकेच्या तिजोरीसारखं लागतं.
माहितीपत्रकात एक शब्द जाड अक्षरात: वारसा.
अप्पांचं नाव कुठे असणार.

सोलच्या शोरूममध्ये नेलं त्यांना.
विक्रेत्याने हातमोजे घालून दार उघडलं.
अप्पांनी तीनदा लावलं.
चांगलं आहे, म्हणाले,
आईचं जरा उशिरा लागायचं.
मग बसची वेळ झाली.

तो रांजण फ्लॅटमध्ये येताना फुटला, तेवीस वर्षं झाली.
आता किमचीचा फ्रिज आहे, आमच्या जुन्या गाडीइतकाच स्वस्त.
त्याचं दार खडाक् लागतं.
बदलू या म्हटलं
तर अप्पा म्हणाले, असू दे,
तेही कुणीतरी बसवलंय.