सात आटे

जुन्या क्वाडचे पुढचे शॉक
आता शॉक उरले नव्हते, नुसत्या सळया.
वाळूच्या टेकड्यांकडे जाणारा पन्हळी रस्ता
सरळ मनगटांत शिरायचा,
आणि सोमवारी पॅकिंगच्या पट्ट्यापाशी उभी राहिले
की बोटांतून सटकायचे बटाटे.

नवे घ्यायचे तर दोन महिन्यांचा पगार.
व्हर्ल म्हणाला, त्याच कंपनीच्या मोठ्या मॉडेलचे बघ,
उन्नीस-बीस फरकाने बसतात.
व्हर्लचा खुबा स्टीलचा आहे.
दुसरीकडून आणलेल्या भागांबद्दल
तो वाईट बोलू देत नाही कुणाला.

लोगनच्या अलीकडे, कोंबड्यांच्या खुराड्यामागे,
लॅव्हॉन नावाच्या बाईने ते
फुलाफुलांच्या चादरीत गुंडाळून ठेवले होते.
"डॅलिनचे. तो आता चालवत नाही."
एवढंच. मीही विचारलं नाही.
नोटा तिने मोजल्या नाहीत,
वर पीचची एक बरणी दिली
आणि पिकअपच्या खिडकीशी वाकून म्हणाली,
"डावा चिवचिवतो हं.
रात्री इंजिन बंद करून घरंगळत यायचा अंगणात,
वाटायचं त्याला, मला कळत नाही."

आयडाहोपर्यंत ते दोघे मागे खडखडत आले.

वरचा बोल्ट शहाण्यासारखा सुटला.
खालच्याने तेल प्यायलं, शिव्या खाल्ल्या,
शेवटी हातोड्याचं ऐकलं.
बूश बसेना. व्हर्लने पंपांच्या दुकानातल्या लेथवर
पितळेचे दोन तुकडे कातून दिले,
गरम, अजून कातणाचे केस चिकटलेले.
पाठीवरची गॅसची नळकांडी चौकटीला घासत होती,
म्हणून डावा उजवीकडे गेला, उजवा डावीकडे.
कपच्यांतून लाल वाळू गळली.
आमची पांढरी आहे.
झाडून टाकली, नाही असं नाही,
पण थोडी राहिलीच.

मग मी बसले, आणि स्प्रिंग हललीसुद्धा नाही.

व्हर्लने टेप लावली, चष्मा पुसला, पुन्हा लावली.
"शंभर किलोचा गडी असणार," म्हणाला.
"हे अजून त्यालाच धरून आहेत."
मी छप्पन्न, बूट धरून.
मी दोनदा उड्या मारून बसले,
कुणाच्या तरी खुर्चीत बसावं
आणि पाय जमिनीला पोचू नयेत, तशी.

हुकाचा पाना घेऊन कॉलर उलटी फिरवली.
पहिला आटा करकरत सुटला,
पुढचे मऊ.
दर आट्याला मी उठायचे, बसायचे,
आणि एक माणूस थोडा थोडा कमी व्हायचा.
सातव्याला क्वाड माझ्याखाली वाकला.
पेन्सिलीने मी गॅरेजच्या भिंतीवर लिहिलं:
सैल केले सात. दोन्हीकडे.
"कशाला?" व्हर्ल म्हणाला. "परत कोण आवळणार आहे?"
मी पेन्सिल कानामागे खोवली.

शनिवारी पन्हळी रस्ता तोच होता,
फक्त तो खालच्या खाली
आपला आपण बडबडत राहिला.
मोठ्या टेकडीच्या कडेवरून चारी चाकं सुटली.
पोटात ते रिकामं, ते गार,
आणि मग आपटणं नाही,
कुणीतरी दोन्ही तळव्यांवर झेललं.
मी हेल्मेटच्या आत हसले, काच धुकटली.
परत वर गेले. परत. पेट्रोल संपत आलं तेव्हा
टेटनची शिखरं जांभळी झाली होती.

घरी यायला उशीर झाला.
आईला सकाळी पाचची पाळी,
म्हणून फाटकापाशीच इंजिन बंद केलं,
उताराने घरंगळत आले,
आणि उजव्या बाजूने,
म्हणजे तिच्या डाव्याने,
एकदा चिवचिव केली. खड्ड्यात पुन्हा एकदा.

वरच्या खिडकीत दिवा लागला.
कुणी हाक मारली नाही.
थोड्या वेळाने विझला.

ग्रीसची बंदूक फळीवर आहे.
भरलेली.