कॅव्हिएट

वेंगुर्ल्याच्या कोर्टासमोर, सुरंगीखाली माझं टेबल.
टाइपरायटर जुना, त्याचा ‘ळ’ अडकतो.
माझ्या अर्जांतून नारळ कधी नीट उमटले नाहीत,
म्हणून मी माड लिहितो.

दर नव्वद दिवसांनी द्वारका गिरप येते
नवाबागेतून चालत, मासळीची पाटी रिकामी करून.
‘कावेट घाल,’ म्हणते.
मी एकदाच दुरुस्त केलं: कॅव्हिएट.
‘तांच तां. कावो त्येचो, कावेट माजां.’

मिळकतीचं वर्णन: एक मांगर, सात माड.
पूर्वेस गडगा, दक्षिणेस पाणंद,
पश्चिमेस समुद्र,
जो दर अर्जात थोडा जवळ आलेला असतो
पण शब्द तोच राहतो.

संभाव्य वादी: सगुण गिरप, दीर, राहणार बोरिवली.
अकरा वर्षांत त्याने दावा लावलेला नाही.
पण लावलाच, तर त्या दिवशी
हिला ऐकल्यावाचून कोर्टाने हुकूम करू नये,
एवढंच असतं त्या कागदात.
खरं कोण, खोटं कोण, काही नाही.
नुसतं: आधी मला ऐका.

आरोलकर वकील म्हणाले होते, शब्द लॅटिन.
अर्थ: त्याने सावध असावे.
‘असावे,’ सुपारी कातरता कातरता थांबून,
‘विध्यर्थ. तृतीय पुरुष, एकवचन.
हुकूम नव्हे हो. इच्छा.’
त्यांचा मुलगा पुण्याला. तो हा शब्द ‘पण’च्या जागी घालतो:
नोकरी चांगली आहे, फक्त एक कॅव्हिएट आहे.
आरोलकरांना ते खपत नाही.
नव्वद दिवसांत मरत नाही ते कसलं कॅव्हिएट, म्हणतात.

मी द्वारकाला अर्थ सांगितला
तर पदराने घाम पुसत हसली.
‘माज्या लग्नात भटान सा येळा सांगल्यान, सावधान.
कोनापासून तां कोनी सांगूक नाय.’
अंतरपाटाखालून तिला
एका माणसाच्या पायाची बोटं दिसली होती, भेगाळलेली.
तिला विचारलं नव्हतं.
होडी विकली तेव्हाही नाही.
त्याच माणसाला मिरजेच्या इस्पितळात नेलं तेव्हा,
तिथेच अग्नी दिला तेव्हा.

कायद्याने नोटीस विरुद्ध बाजूला जावी लागते,
रजिस्टर पोस्टाने, पोचपावतीसह.
म्हणून वर्षातून चारदा
बोरिवलीहून एक कार्ड परत येतं, सगुणच्या सहीचं.
दीर-भावजयीत दुसरं बोलणं नाही.
पहिल्या कार्डांवर ‘ण’चा दांडा रेटून मारलेला,
पुढे तो कलला,
पुढे ‘ण’च उरला नाही, एक शेपूट.
ती कार्ड उजेडाकडे धरायची.
‘त्येचो हात थरथरता आता.’
ते तिने मला सांगितलं की स्वतःला, कळलं नाही.

ह्या श्रावणात कार्ड आलं नाही. पाकीटच परत आलं,
वर पोस्टमनच्या निळ्या पेनाने: मयत.

बंदरावर तीन नंबरचा बावटा, होड्या वर ओढलेल्या.
ती पाकीट घेऊन माझ्या बाकावर बसली.
मी म्हटलं, आता गरज नाही.
त्याच्यामागे कोणी नाही, मी चौकशी केली.
शिवाय जुन्या अर्जाचे एक्केचाळीस दिवस शिल्लक आहेत.
पाकीट तिने फोडलं नाही.
आत काय आहे ते आम्हा दोघांना पाठ होतं.

मग कनवटीचे पैसे सोडून टेबलावर ठेवले.
‘घाल.’
‘कोणाविरुद्ध?’
‘तां मोकळां सोड.’

कोर्ट हे घेणार नाही, मला माहीत आहे.
तरी कागद चढवला, कार्बन लावला.
संभाव्य वादी: तिथे टिंबं मारली, ओळ संपेपर्यंत.
पूर्वेस गडगा. दक्षिणेस पाणंद.
बोटं सवयीने ‘सात’वर गेली

तेव्हा तिने माझा हात धरला.
‘सात नको. सा लिव.
एक गेलो, काल राती.’