हातचा

कोपरखैरणे, सेक्टर पंधरा. रात्रीचे पावणेदोन.
समोरच्या बिल्डिंगीत कुणाच्या तरी कुकरची शिट्टी,
शिफ्टवरून आलेला असणार.
मी एका फंक्शनसमोर बसलेय,
एकोणचाळीस ओळी, कुण्या अनोळखी माणसाच्या,
माझ्या जन्माच्या आसपासच्या.
वर एकच कॉमेंट: इथे हात लावू नका.

काम साधं. आलेलं पॅकेट कर्नलमधून वर न्यायचं,
बेरीज जुळते का ते पाहायचं.
हा आधी सगळे बाइट उचलून नेतो,
मग पहिल्यापासून पुन्हा मोजत येतो.
प्रोफायलर म्हणतो, वेळ जातो तो इथंच,
मेमरीच्या दारात प्रोसेसर ताटकळतो.

अण्णा पाणी प्यायला उठले.
बत्तीस वर्षं कांदा-बटाटा मार्केट,
मानेखाली पोत्याच्या जागी अजून घट्टा.
"एवढं काय अडलंय?"
सांगितलं, पोत्यांच्या भाषेत.
"ट्रकमधून गाळ्यात नेलं,
आणि गाळ्यात परत उचलून मोजलं?
मुकादम कोण होता तुमचा?"
मग तांब्या खाली ठेवून,
"पाठीवर असतानाच मोजायचं गं.
पाय चालतात, तोंड मोजतं."

म्हणून एकच लूप.
आठ-आठ बाइट, नेता नेताच बेरीज,
आणि रकान्याबाहेर सांडलेला एक
पुढच्या बेरजेत.
(तिसरीत घोलपबाई ओरडायच्या: हातचा कुठाय?)
शेवटी घडी, चौसष्टाची बत्तीस, बत्तिसाची सोळा,
रिकाम्या बारदानासारखी,
आणि वर उरलेला हातचा परत खाली, एककाच्या घरात.
इथं हातचं राखून काही चालत नाही.

चालवलं. सम लांबीची सगळी पॅकेटं बरोबर.
विषम आलं की चूक.
शेवटचा एकटा बाइट, जोडी नसलेला,
मी भलत्याच बाजूला बसवला होता.
विचारायला गेले तर अण्णा घोरत होते.
फुटक्या पोत्यातून घरंगळलेले कांदे
कुणाच्या हिशेबात धरायचे,
हे त्यांनी कधी सांगितलंच नव्हतं.

चार वाजता जुळलं.
दर पॅकेटमागे साठ नॅनोसेकंद वाचले.
तेवढ्यात पापणीसुद्धा लवत नाही.

जुनी कॉमेंट पुसली नाही.
खाली एक ओळ लिहायला घेतली, अण्णांचीच, इंग्रजीत.
'पाठ' या शब्दापाशी
बराच वेळ कर्सर लुकलुकत राहिला.