नमुना क्रमांक सतरा

तोकी गावाबाहेर, टेकडीमागच्या प्रयोगशाळेत
हिसाए वाकामात्सु चिमट्याने उचलते
नखाएवढा टंगस्टन.
दोन तास तो हायड्रोजनच्या प्लाझ्मात होता,
गुलाबी-जांभळ्या, बघत राहावं अशा उजेडात.

वितळला नाही. वितळणार नव्हताच;
तीन हजार चारशे अंशांपर्यंत
तो कुणाला दाद देत नाही.
फक्त, सकाळी तिने घासून आरसा केलेल्या पृष्ठावर
तिचाच चेहरा आता धुरकट दिसतो.

सूक्ष्मदर्शकाखाली फोड.
शेकडो. काहींचा पापुद्रा फुटलेला.

सगळ्यात हलका अणू, त्याला कोण अडवणार?
कणाकणांमधल्या फटींतून तो आत शिरतो,
आत भटकतो, एखाद्या पोकळीत थबकतो.
तिथे दुसरा भेटतो.
एकेकटे होते तोवर वाट होती.
जोडी जमली, वायू झाला,
आता बाहेर पडायला धातूच उचलावा लागतो.

तिचे वडील भट्टी लावायचे.
झिलईला फोड आलेले वाडगे
मागच्या उतारावर फेकायचे, न बोलता.
खळ्ळ आवाज ऐकून आई आत कळायची:
आज जेवताना कुणी काही विचारायचं नाही.

हिसाए सतरा नंबर निर्वातात तापवते.
पडद्यावर रेघ चढते, उतरते:
गेला, होता तेवढा हायड्रोजन गेला.

पुन्हा बघते.
फोड आहेत तिथेच.
ती नोंद करते, डबीला झाकण लावते,
आणि टेबलावरच्या खडबडीत वाडग्यातून
सायकलची किल्ली घेते.